मामांच्या गाडीची बोली

माझ्या मामांनी गाडी विकायची ठरवली, त्याला कारण मीच. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नाशिकला गंगापूर रोडला राहते आणि पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. मामा देवळ्याचे. कांदा करतात, थोडं डाळिंबही आहे. दिवाळीनंतर त्यांचा डावा गुडघा असा काही धरला की मामींनी त्यांना माझ्याकडे पाठवून दिलं. मी त्यांना व्यायाम शिकवले, जिना उतरताना कोणता पाय आधी टाकायचा ते सांगितलं, आणि जाताना बजावलं, "मामा, डाव्या पायानं क्लच दाबणं आता बास. गाडी हवीच असेल तर बिनक्लचची घ्या."

डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य मामा कधी पाळत नाहीत. माझं हे एक वाक्य मात्र त्यांनी इतकं मनावर घेतलं, की संक्रांत झाल्यावर नवी गाडी बुक करूनच फोन केला.

"पोरी, तुझं ऐकलं. आता जुनीचं काय करू? तू घेती का?"

मी तेव्हा एका आजींच्या खांद्याला शेक देत होते. मामांचं वाक्य पुरं व्हायच्या आत शेकाचं मशीन खांद्यावरून घसरत घसरत पाठीच्या मध्यावर पोचलं होतं.

"अगं, दुखतंय ते वर आहे," आजी म्हणाल्या.

मी मशीन वर घेतलं आणि फोनवर म्हटलं, "घेते."

भाव विचारलाच नाही. माझं काय झालं होतं ते सांगते. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी मोटार चालवायला शिकले. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर शिकले, परीक्षा दिली, लायसन्स हातात आलं, आणि नंतर चालवायला गाडीच नव्हती. माझं सगळं काम स्कूटरवर. पाठीला मशीनची बॅग, पायाशी व्यायामाच्या रबरी पट्ट्यांची पिशवी, आणि एखाद्या पेशंटला वॉकर पोचवायचा असला की तो मागच्या सीटला दोरीनं बांधलेला. सायखेड्याहून दोन घरांनी मला विचारलं होतं, त्यातल्या एका घरी अर्धांगाचे पेशंट होते. पण एवढं ओझं घेऊन स्कूटरवर तिथवर रोज जाणं मला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी नाही म्हणाले होते. ते नाही म्हणणं मनात राहिलं होतं. पण खरं सांगायचं तर एवढं शहाणं कारण नसतं तरी मला गाडी हवीच होती. कॉलेज रोडच्या सिग्नलला स्कूटरवर उभी असताना माझा डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तिथं क्लच नव्हता, डांबर होतं.

संध्याकाळी मी मामांना पुन्हा फोन करून भाव विचारला.

"सव्वाचार," मामा म्हणाले. "घरच्या माणसाला एकच भाव. त्यात कमी-जास्त नाय."

मी "रविवारी येते" म्हणून फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा इंजिनीअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो. कुकरची शिट्टी घ्यायची तरी तो तीन दुकानं हिंडतो. त्यानं जेवता जेवताच मोबाइल काढला. मामांच्या गाडीसारखीच गाडी, तीच कंपनी, नऊ वर्षं जुनी, पेट्रोलवर चालणारी, एकाच मालकाच्या हातची, असं सगळं टाकून त्यानं शोधलं. कुठं सव्वातीन, कुठं तीन चाळीस, एक अगदी चकचकीत होती ती साडेतीन.

"पाऊण लाख जास्त आहेत," तो म्हणाला.

"मामा काही फसवणार नाहीत."

"फसवताहेत असं कोण म्हणतंय? त्यांना गाडी आवडते, म्हणून त्यांना ती तेवढ्याची वाटते. पण आवडीचे पैसे आपण कशाला द्यायचे?"

मी आईला फोन केला. मामा तिचे धाकटे भाऊ. ती म्हणाली, "मामाशी घासाघीस करशील? शोभतं का ते?" मग जरा थांबून म्हणाली, "पण सव्वाचार जास्तच गं. माझ्या नावावर काही बोलू नकोस हं."

शेवटी आमच्या दोघांचं असं ठरलं की तीन साठच्या वर जायचं नाही. आणि हे मामांना सांगायचं कुणी, तर मी. मामा माझे होते.

रविवारी सकाळी आम्ही ठक्कर बाजारच्या स्टँडवरून देवळ्यावरून जाणारी सटाण्याची एसटी धरली. येताना गाडीनंच यायचं होतं, त्यामुळे जातानाचंच तिकीट. मी बरोबर एक जाड उशी घेतली होती. माझी उंची बेताची. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतही मला उशीशिवाय बॉनेटच्या पुढचा रस्ता दिसायचा नाही. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "दवाखान्यात चाललात का?" मी म्हटलं, "नाही, गाडी आणायला." त्यांनी उशीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि खिडकी उघडली.

मामांचं घर देवळ्याच्या बाहेर, मळ्यात आहे. अंगणाच्या एका बाजूला कांदाचाळ, आणि तिच्या सावलीत जुन्या चादरीखाली गाडी. मामांनी आम्हाला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि आम्ही ती ओढली.

गाडी चॉकलेटी रंगाची, लहानशी, पाच दारांची. मामा तिला रोज धुतात हे मला माहीत होतं, पण इतकी चकाकत असेल असं वाटलं नव्हतं. सीटवरचं दुकानातलं प्लास्टिक मामांनी नऊ वर्षं काढलं नव्हतं. ते पिवळं पडून कडांना फाटलं होतं. दार उघडलं तर आतून कांद्याचा वास आला. मला तो वाससुद्धा आवडला.

"बस," मामा म्हणाले. "भावडबारीच्या घाटापर्यंत जाऊन येऊ."

नवरा मागे बसला, मामा शेजारी. मी उशी ठेवली, सीट पुढे घेतली, आरसा खाली केला. गाडी सुरू केली, ती दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा ती निघाली, अंगणाबाहेर पडली, मळ्याच्या कच्च्या रस्त्यावरून हळूहळू डुलत मोठ्या रस्त्याला लागली, आणि मी तिसरा गिअर टाकला. खिडकीतून वारा यायला लागला. दोन्ही बाजूला कांद्याची शेतं, पुढे डोंगर. समोरून कांद्याचा ट्रॅक्टर येत होता. मी हॉर्न दिला आणि त्यानं खरंच बाजू दिली. वर्षभर सिग्नलला डांबर दाबणाऱ्या माझ्या डाव्या पायाखाली आता खरा क्लच होता. नवरा मागून म्हणत होता, "हळू, हळू," पण त्याचाही आवाज हसरा होता.

घाटाच्या चढाला लागल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात आली. मी ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन जोरात ओरडायचं, पण गाडी त्या मानानं उचलायची नाही. जमिनीवर पाय घसरावा तसं काहीतरी आतल्या आत घसरत होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी आम्हाला एकदा शिकवलं होतं, क्लच झिजला की असं होतं.

"मामा, क्लच घसरतोय का?"

"नाय नाय. चढावर जरा दम खाती ती," मामा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

वर पोचून आम्ही गाडी वळवली. उतरताना ती सुरेख उतरली. घरी येऊन मी ती चाळीच्या सावलीत बरोब्बर होती तिथं लावली. मी नवऱ्याच्या कानात म्हटलं, "मला हीच पाहिजे." तो म्हणाला, "चेहऱ्यावर दाखवू नकोस." पण चेहऱ्याचं माझ्या हातात काही राहिलं नव्हतं.

मामी दारात उभ्या होत्या. त्यांचं माहेर बागलाणातलं, बोलणं अजून अहिराणी. "आधी जेवी ल्या, मग गाडी देखा," म्हणाल्या. जेवताना मामा गाडीविषयीच बोलत होते. पहिला पाऊस झाला की ते तिला पॉलिश करायचे. कुणाच्याही लग्नाला दिली नाही. तिच्यात बोकड बसला नाही, कांद्याची गोणी मात्र बसली, ती घरचीच. मी ऐकत होते आणि भाकरीचा तोच तुकडा ताटात फिरवत होते, कारण पुढे काय बोलायचं होतं ते मला माहीत होतं.

हात धुऊन आम्ही ओट्यावर बसलो आणि मी बोलले.

"मामा, गाडी मला फार आवडली. पण सव्वाचार जास्त होतात. आम्ही बघितलं, अशा गाड्या साडेतीनच्या आत-बाहेर मिळताहेत. आणि क्लचचं काम निघणार आहे."

मामी आत निघाल्या होत्या, त्या थांबल्या. नवरा ओट्याच्या फरशीकडे बघत राहिला. मला वाटलं, संपलं. आईचं माहेर मी एका गाडीपायी तोडलं.

"कुठं बघितलं?" मामांनी विचारलं.

मी मोबाइल दाखवला. मामांनी चष्मा लावून एकेक फोटो बघितला. एका गाडीचा दरवाजा दुसऱ्या रंगाचा होता, ते त्यांनीच दाखवलं. मग मोबाइल परत दिला.

"तुझा फोन म्हणतो साडेतीन. मी म्हणतो सव्वाचार. तूबी खोटी नाय, मीबी खोटा नाय. मग भाव ठरवायचा कुणी?"

"तुम्हीच सांगा."

"उभी हयात मी मार्केटात ट्रॉलीपाशी उभा राहिलो. माझ्या कांद्याचा भाव मी कधी सांगितलाय का? चार व्यापारी येतात, हातात कांदा धरून बघतात, बोली लावतात. तसंच करू. ह्या गाडीला आणखी दोन जणांनी इचारलंय. त्यांना बोलावतो. लिलाव लावू."

मला वाटलं रागानं बोलताहेत. पण ते फोनच लावत होते. जावयाकडे वळून म्हणाले, "जावईबापू, तुमीबी बोला बरं का, लाजू नका." आणि त्यांचे डोळे लकाकत होते. बिनक्लचची गाडी बुक केली त्या दिवसापासून इतके खूश त्यांना कुणी पाहिलं नसेल, असं मामी नंतर म्हणाल्या.

ऊन जरा उतरलं तेव्हा दोघे आले. एक सटाण्याचा, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा माणूस. तो तुकतुकीत बूट घालून आला होता. त्यानं बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं, गाडी मळ्याच्या रस्त्यावरून एकदा फिरवून आणली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. दुसरे शेजारच्या मळ्यातले, डाळिंब करणारे काका. त्यांनी गाडी नुसती बघितली. ते ती नऊ वर्षं रोजच बघत होते. त्यांच्या मागोमाग त्यांची सून आली आणि दोन मळ्यांच्या मध्ये जी दगडांची बुटकी ताल, म्हणजे बांधाची भिंत आहे, तिथं थांबली. तिच्या अंगावर नर्सचा पांढरा कोट होता. नुकतीच ड्यूटीवरून आली असावी.

मामांनी नियम सांगितले. बोलायचं ते खरं बोलायचं. बोललेले पैसे द्यावे लागतील. बोली पाच हजारांनी वाढेल, कुणाला जास्त वाढवायची तर खुशाल. आणि शेवटी माल द्यायचा की नाही, ते मालक ठरवणार. मार्केटातही शेतकऱ्याला तेवढा हक्क असतो.

"बोला," मामा म्हणाले.

"दोन ऐंशी," सटाण्याचा माणूस म्हणाला.

"गाडी इकतोय, भंगार नाय."

"तीन," काका म्हणाले.

माझ्या तोंडून "तीन-पाच" निघालं, पण इतकं बारीक की मामांनी कानाला हात लावला. मी पुन्हा मोठ्यानं म्हटलं. मग मला जरा सुचेनासंच झालं. सटाण्याचा माणूस तीन-दहा, काका तीन-पंधरा, पुन्हा सटाण्याचा माणूस तीन-वीस. आणि तो तिथं थांबला. हात झटकून म्हणाला, "मला पुढं विकायची आहे, मामा. ह्याच्यावर घेतली तर मला काय राहणार? वापरणाऱ्याला परवडेल." आणि तो बाजूला जाऊन बाजेवर बसला, पण गेला नाही. त्यालाही बघायचं होतं.

आता काका आणि मी. तीन-पंचवीस, तीन-तीस. काका बोलण्याआधी टोपी काढायचे, डोकं खाजवायचे, टोपी घालायचे आणि मग आकडा सांगायचे. त्यांनी टोपी काढली की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. तीन-चाळीस. तीन-पंचेचाळीस. मी पेशंटची नाडी बघते तशी स्वतःची बघितली असती तर स्वतःलाच झोपवून ठेवलं असतं. काका म्हणाले, "तीन पंचावन्न." मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली. मी म्हटलं, "तीन साठ."

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली, आणि म्हणाले, "बास. घ्या ताई तुम्ही."

मला उडी मारावीशी वाटली. ठरवलं होतं तिथंच थांबलं होतं सगळं, हजार रुपये इकडे नाही की तिकडे नाही. मामा म्हणाले, "तीन साठ एकवार... तीन साठ दोनवार..."

"तीन पासष्ट."

आवाज बाईचा होता. सगळे वळले. तालीजवळ उभी असलेली काकांची सून पुढे आली होती.

"अगं," काका म्हणाले, "आपलं साठाच्या आत ठरलं होतं ना?"

"वरचे मी देईन, बाबा. माझ्या पगारातून." ती सासऱ्यांशी बोलत होती पण बघत माझ्याकडे होती. तिच्या नजरेत भांडण नव्हतं. परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारच्या बाकावरची मुलगी बघते तसं ती बघत होती.

आणि तेव्हा माझ्या कानाशी, कुकरच्या शिट्टीसाठी तीन दुकानं हिंडणारा माझा नवरा कुजबुजला, "सत्तर म्हण."

मी सत्तर म्हणाले. ती पंचाहत्तर म्हणाली. मामी ओट्यावरून उतरून अंगणात आल्या. बाजेवरचा सटाण्याचा माणूस उठून उभा राहिला. मी ऐंशी म्हणाले तेव्हा माझा आवाज आता चांगला खणखणीत निघत होता, आणि मला कळत होतं की मला हे आवडतंय, गाडीइतकंच आवडतंय. आयुष्यात कधी मी चारचौघांत उभं राहून मला अमुक हवं, असं इतक्या मोठ्यानं म्हटलं नव्हतं. तिचंही तसंच असावं. ती पंच्याऐंशी म्हणताना हसली आणि मीही हसले.

"नव्वद म्हण," नवरा म्हणाला.

मी गाडीकडे बघितलं. आणि नव्वद माझ्या तोंडातून निघेना.

तेवढ्यात मामांनी माझ्यासमोर येऊन विचारलं, "काय गं?"

"भाचीना हक्क पहिला शे," मामी मागून म्हणाल्या. "तिले द्या."

मामांनी जरा विचार केला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तीन पंच्याऐंशी झालेत. पोरी, तू माझ्या बहिणीची लेक. तू तेवढेच दे, वर एक रुपाया नको, गाडी तुला दिली. बोल."

नियम मामांनी आधीच सांगितला होता, आणि काकांच्या सुनेला तो मान्य दिसत होता. तिनं फक्त कोटाच्या खिशात हात घातले.

मला तेव्हा जे वाटलं ते मी नंतर पुष्कळदा नीट आठवून बघितलं आहे. मला त्या मुलीची दया आली नव्हती. मला गाडी नको झाली होती असंही नाही. मी मनाशी एवढंच विचारलं, की हीच गाडी, अशीच, नाशिकच्या एखाद्या अनोळखी माणसाकडे असती तर तिचे मी किती दिले असते? उत्तर लगेच आलं, तीन चाळीस. फार तर तीन पन्नास. वरचे सगळे पैसे मी मामांसाठी देत होते, त्या घाटातल्या वाऱ्यासाठी देत होते. आणि मामा तर माझे होतेच.

मी तिला विचारलं, "तुम्ही रोज कुठं जाता?"

तिनं गावाचं नाव सांगितलं. कळवणच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याला, तिथल्या आरोग्य केंद्रात ती होती. जाताना एसटी मिळते, येताना बाळंतपणाची केस असली तर एसटी निघून जाते, मग कुणाच्या तरी जीपची वाट बघायची. एवढंच तिनं सांगितलं. आढेवेढे नाहीत, रडगाणं नाही.

"मामा," मी म्हटलं, "भाव बरोबर झाला. पण यांना. मला नाही."

मग मी सुनेला म्हणाले, "पण एक सांगते. क्लच झिजलाय. चढावर घसरतो. तुम्हाला रोज डोंगराकडे जायचंय, तो बदलून घ्या."

सटाण्याचा माणूस चटकन म्हणाला, "हां, ते तर मला मघाशीच कळलं होतं."

"मग मघाशी बोलला का नाय?" मामांनी विचारलं. तो हसला. मामा गाडीपाशी गेले, तिच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. "पोरगी खरं बोलती," ते काकांना म्हणाले. "मलाबी ठाऊक होतं. सांगवत नव्हतं, एवढंच. नवा क्लच मी बसवून देतो, मग गाडी न्या."

सून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. गाडी सुरू केली नाही, नुसते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. तिची उंची माझ्याएवढीच होती. "ही उशी कुणाची?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "असू द्या." मामींनी सगळ्यांना चहा दिला. काका नवऱ्याला म्हणत होते, "आमच्या घरात आवाज माझा चालतो हां तसा."

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही परत निघालो. मामा स्टँडवर सोडायला आले, जुनी गाडी विकलेली आणि नवीची डिलिव्हरी मिळायची होती म्हणून काकांच्या मोटारसायकलवर मागे बसून. गुडघ्याचं विचारलं तर म्हणाले, "आज ध्यानातच नाय आला."

बसमध्ये नवरा खिडकीबाहेर बघत बसला होता. मला वाटलं, सुटकेचा श्वास सोडत असेल. पिंपळगाव मागे पडल्यावर तो म्हणाला, "मी चार लाखांपर्यंत गेलो असतो." मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि आम्हाला हसू आवरेना. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. मला दुःख झालं नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी मी घाट चढले होते, ट्रॅक्टरला बाजू द्यायला लावली होती, आणि माझं मन काही केल्या खाली येईना.

होळीच्या सुमाराला सटाण्याहून फोन आला. तोच माणूस. "ताई, एक गाडी आलीय. निळी. मास्तरांची आहे. तुम्हाला दाखवल्याशिवाय कुणाला दाखवत नाही." मी मनात म्हटलं, हे तो सगळ्यांना म्हणत असणार. तरी आम्ही गेलो. आता मी आणखी कुणालाच विचारलं नाही. क्लच कधी बदलला, टायर कधी घातले, गाडी ठोकली होती का, हे तोंडावर विचारलं. चढावर नेऊन बघितली. त्यानं तीन तीस सांगितले, मी तीन दहा म्हटलं, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत तीन पंधराला सौदा झाला. मामांशी बोलताना ज्या जिभेला गाठी पडल्या होत्या ती परक्या माणसापुढे सुरीसारखी चालली.

सटाण्याहून नाशिकला येताना देवळा वाटेतच लागतं. मी गाडी सरळ मळ्यात नेली. मामी आरतीचं ताट घेऊन आल्या. मामांनी आधी गाडीला एक पूर्ण फेरी मारली, पायानं टायर दाबून बघितलं, दाराच्या बिजागरीवरून बोट फिरवलं आणि किंमत विचारली. मी सांगितली.

"महाग घेतलीस," मामा म्हणाले.

"मामा, लिलाव लावला होता का मी?"

"म्हणून तर म्हणतो." त्यांनी शेजारच्या सीटचं दार उघडलं, सीट मागे सरकवली आणि पाय लांब करून बसले. "आता चल बाजारापर्यंत. तुझे ब्रेक कसे हायेत ते बघू."

नवरा मागे बसला. मी गाडी वळवली आणि आम्ही निघालो.